खाऱ्या हौदातलं शेवाळ

हौद माझ्या खोलीच्या दारापासून दहा पावलांवर होता. मुलगी झोपली की मी दहा पावलं जायचे, हौदात बघायचे, आणि दहा पावलं परत यायचे, ती श्वास घेते का ते बघायला. मग पुन्हा जायचे. दिवसभर माझं हेच चालायचं, आणि मला कोणी विचारलं असतं की बाई तू काय काम करतेस, तर मला सांगता आलं नसतं.

खोली एका गुजर शेतकऱ्याच्या केळीच्या मळ्यात होती, शहाद्याच्या खाली, तापीकाठच्या गावापासून थोडी लांब. विहीर खारी होती. ते पाणी प्यायचं नाही, प्यायचं पाणी नदीवरून आणायचं. विहिरीचं पाणी इंजिनने हौदात पडायचं, बैल प्यायचे, मी कपडे धुवायचे. हौद एवढा मोठा होता की मी आत उभी राहिले तर पाणी छातीला लागेल.

मला तिथे ह्यांनी आणून ठेवलं होतं. हे म्हणजे माझे मालक, धडगावच्या घाटात रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचे. आधी मी पण तिकडेच होते, कामाच्या जागी, पालात. आमची पहिली मुलगी तिथेच गेली. नऊ महिन्यांची होती. थंडी वाजली, मग ताप, मग घाम, मग हसली पण, मला वाटलं बरी झाली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा थंडी वाजली. जीपगाडी दुसऱ्या दिवशी मिळेल म्हणाले. दुसऱ्या दिवशी जीपगाडी आली तेव्हा तिची गरज नव्हती.

म्हणून दुसरी झाली तेव्हा हे म्हणाले, तू खाली सपाटीवर राहा, डोंगरात ताप आहे, खाली नाही. आणि महिन्यातून एकदा येईन म्हणाले. मी हो म्हटलं. मुलगी पाच महिन्यांची होती.

माझं माहेर नवापूरकडे, गुजरातच्या हद्दीला लागून. घरात आमची बोली वेगळी. मराठी मी शाळेत शिकले, चौथीपर्यंत, मग आईला माझी घरी गरज पडली. मळ्याच्या शेतकऱ्याची आई रोज सकाळी गावातून यायची, तिला मी काकी म्हणायचे. ती अहिराणी बोलायची आणि मधेच गुजर लोकांची आपली बोली. मी शाळेतलं मराठी बोलायचे. तिला माझं अर्धं कळायचं आणि मला तिचं अर्धं. दुपारनंतर काकी घरी गेली की मग कोणीच नाही. केळीची पानं वाऱ्याने फाटतात त्याचा आवाज येत राहायचा, कोणी आल्यासारखा, आणि मी बाहेर येऊन बघायचे.

श्रावणात एक दिवस मी पाण्याची बादली भरली आणि त्यात वळवळणारे किडे दिसले. बारीक, काळपट, डोकं खाली करून लटकायचे आणि हात लावला की वळवळत तळाशी जायचे. मला आधी काही वाटलं नाही. विहिरीच्या पाण्यात असतं काहीबाही. मग तापवाला भाऊ आला.

तो सरकारी माणूस, सायकलवर यायचा, दर पंधरा दिवसांनी. कोणाला ताप आला का विचारायचा, आला असेल तर बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचा, कडू गोळ्या द्यायचा, आणि दाराशेजारी भिंतीवर तारीख लिहून जायचा. त्याने हौदात वाकून बघितलं. मग माझी पांढरी ताटली मागितली, ती पाण्यात तिरकी बुडवून वर काढली, आणि मला दाखवली. ताटलीत ते किडे, वीस तरी असतील.

"बाई, हे काय आहे माहीत आहे?"

"किडे."

"हे डास आहेत. आठ दिवसांनी उडतील. ह्या खोलीत लहान मूल आहे ना?"

एवढ्या लांब पळून आले, आणि ताप दहा पावलांवर होता, मीच रोज त्यात पोरीची दुपटी धुवत होते.

मी म्हटलं, हौद रिकामा करते. काकी तिथेच होती, केळीची पिवळी पानं कापत होती. ती म्हणाली, "हौद रिकामा करस? मंग मन्हा बैलेस्ले पानी कोन पाजी? तुन्हा रोलरवाला?"

भाऊ हसला. पुढच्या फेरीला तो डब्यात मासे घेऊन आला. करंगळीच्या पेराएवढे, राखाडी, तोंड वरच्या बाजूला. खाऱ्या पाण्यात पण जगतात म्हणाला. ते त्याने हौदात सोडले आणि म्हणाला, हे अळ्या खातील. पण एक लक्षात ठेवा, शेवाळ वाढू द्यायचं नाही. शेवाळ वाढलं की अळ्या त्याच्या आत लपतात आणि माशांना तिथे शिरता येत नाही. आणि हौदात साबण जाऊ द्यायचा नाही, साबणाने मासे मरतील. एवढं सांगून तो सायकलवर बसून गेला. मी ते दोन्ही पाठ केलं. शेवाळ नाही, साबण नाही.

मासे आले आणि मला सोबत झाली. हे लिहायला लाज वाटते. मी हौदाच्या काठावर बसून भाकरीचा चुरा टाकायचे आणि ते यायचे, सगळे, माझ्या बोटांपाशी. दोन दिवसांत ते माझी सावली ओळखायला लागले. मी आमच्या बोलीत त्यांच्याशी बोलायचे, कारण त्या बोलीत बोलायला दुसरं कोणी नव्हतं. सकाळी चुरा, दुपारी चुरा, संध्याकाळी ताटातली उरलेली खिचडी. मुलगी मांडीवर असायची, ती पण बघायची.

काकी म्हणायची, "मासास्ले भाकर चारस, नि सोता चहावर दिन काढस. कशी व पोर तू?"

"ते येतात काकी, हाक मारली की."

"येतीनच. फुकटनं खावाले कोन येत नही?"

आणि शेवाळ वाढलं. आधी भिंतीवर हिरवा बुळबुळीत थर, मग त्याचे धागे, केसांसारखे लांब, मग दुपारी उन्हात त्याचे पुंजके बुडबुडे घेऊन वर यायचे आणि तरंगायचे. मी हाताने ओढून काढायचे. सकाळी काढलं की चार दिवसांनी तेवढंच. ताटली बुडवली की अळ्या निघायच्या, पुंजक्याच्या जवळ जास्त. मी हात घालून काढायचे, काढायचे, आणि तरी ते यायचं, आणि मला वाटायचं हे माझ्यामागे लागलंय. धागे तुटायचे, तुकडे पाण्यात राहायचे, त्याचंच पुन्हा वाढायचं. झोपेत पण माझ्या हाताला ते बुळबुळीत लागायचं.

मग मी ठरवलं, भिंत घासूनच काढते. साबण नको म्हणाला होता. साबण मी आणलाच नाही. आईने केस धुवायला रिठ्याची पोटली दिली होती. रिठा म्हणजे साबण नव्हे, झाडाचं फळ, आमच्याकडे बायका रिठ्याने लुगडी धुतात, लेकरांचं डोकं धुतात. मी सगळी पोटली भिजवली, कुस्करली, नारळाच्या काथ्याने हौदाच्या चारी भिंती घासल्या. फेस आला. हिरवं सगळं सुटून आलं, मी टोपलीने गाळून गाळून बाहेर फेकलं. सिमेंट दिसायला लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. मी मुलीला दूध पाजलं आणि तिच्याबरोबर मी पण झोपले.

उठले तेव्हा मासे वर आले होते. तोंडं पाण्याबाहेर, कल्ले उघडमीट, काही आडवे होऊन गोल फिरत होते. मला वाटलं भूक लागली. मी चुरा टाकला. एकाने पण खाल्ला नाही.

तेव्हा मला आठवलं. आमच्या माहेरी उन्हाळ्यात पुरुष माणसं गेळाची फळं कुटून नदीच्या डोहात टाकतात, फेस येतो, आणि थोड्या वेळाने मासे असेच वर येतात, असेच आडवे, आणि आम्ही मुली टोपल्या घेऊन पाण्यात शिरायचो आणि हाताने उचलायचो. मी कितीदा उचलले होते. गेळाचं फळ पण फेस देतं, त्याने पण कपडे धुतात. रिठा आणि गेळ, दोन्ही फेसाचीच फळं. ज्याने आम्ही मासे मारायचो तेच मी घातलं होतं, हौदभर, साबण नको म्हणून.

संध्याकाळपर्यंत सगळे मेले. अळ्या मेल्या नव्हत्या. ताटलीत मी बघितलं, त्या वळवळत होत्या.

दुसऱ्या दिवशी बैलांनी पाण्याला तोंड लावलं नाही. काकीने पाणी हातात घेतलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"काय टाकनं व ह्यामा?"

मी सांगितलं. तिला कळावं म्हणून दोनदा सांगितलं.

"मन्हा बैल मरी जातात ते?"

मी रडायला लागले. तिने लुगडं खोचलं आणि बादली उचलली. "रडू नको. उपस आते." आम्ही दोघींनी हौद उपसला, सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत, सगळं पाणी वाळूत फेकलं, केळीला जाऊ दिलं नाही. एक दिवस तो उन्हात कोरडा ठेवला. बैल नदीवर नेले. काकी मला वाईट काही बोलली नाही, फक्त जाताना म्हणाली, "तुन्हा डोकाना केस धोवाले आते रिठा उरना का?" मी नाही म्हटलं.

हौद पुन्हा भरला. आठ दिवसांत ताटलीत अळ्या, बारीक, नव्या. मासे नाहीत. आणि त्याच दिवशी मुलीचं अंग तापलं.

थंडी वाजत नव्हती. पण पहिलीचं पण सुरुवातीला मला कळलं नव्हतं. भाऊ यायला नऊ दिवस होते, भिंतीवरच्या तारखेवरून मी हिशेब केला. तिचा बाप घाटात. मी तिला लुगड्यात बांधलं, दुधाची किटली घेतली, का घेतली मला माहीत नाही, मासे आणायचे हे डोक्यात असेल, आणि सडकेवर जाऊन उभी राहिले. एसटी आली. शहाद्याच्या स्टँडवर उतरले आणि विचारत विचारत तापाच्या ऑफिसात गेले. एवढ्या माणसांत मी किती दिवसांनी आले होते, माझ्या कानांना आवाज सहन होत नव्हता.

भाऊ तिथेच होता, खुर्चीवर बसून कागद भरत होता. मला बघून उठला. मी एका श्वासात सगळं सांगितलं, ताप, रिठा, मासे, बैल. त्याने आधी मुलीच्या पायाच्या अंगठ्याला सुई टोचली, रक्ताचा थेंब काचेवर घेतला. ती रडली, मला बरं वाटलं, रडण्यात जोर होता. गोळीचा एक तुकडा कुटून दिला, माझ्या दुधात घालून पाजायला सांगितला. काच तपासून उत्तर आणतो म्हणाला, पुढच्या फेरीला.

मग त्याने विचारलं, "शेवाळ एवढं कसं वाढलं? माझ्या इथल्या हौदात नाही वाढत."

"मला काय माहीत भाऊ."

"माशांना काही घालत होता का?"

मी म्हटलं, चुरा.

"किती?"

"ते येतात म्हणून."

तो हळू बोलला, जसं शाळेत मास्तर ढ पोरीशी बोलतात तसं, पण वाईट नाही. म्हणाला, बाई, पोट भरलेला मासा अळी कशाला खाईल? आणि उरलेला चुरा कुजतो, त्याचं खत होतं, शेवाळ त्यावर वाढतं. दुपट्यांचं पाणी हौदात जातं, त्याचं पण खत. बैलांचं शेण वाऱ्याने उडतं, त्याचं पण. केळीला खत घालता ना, तसं तुम्ही शेवाळाला घालताय. वरून दिवसभर ऊन. मग ते वाढणारच.

म्हणजे ते मीच वाढवलं होतं. माझ्या बोटांशी मासे यावेत म्हणून.

त्याने सांगितलं ते मी अजून करते. हौदाच्या अर्ध्या भागावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्यांचा तट्टा घालायचा, सावली पडली की शेवाळ मंदावतं. धागे हाताने ओढायचे नाहीत, तुटतात. खरखरीत काटकी घ्यायची, पाण्यात घालून गरगर फिरवायची, सगळे धागे तिच्यावर गुंडाळले जातात, मग उचलायचं. भिंत घासायची नाही. सगळं शेवाळ काढायचं पण नाही, एका कोपऱ्यात ओंजळभर ठेवायचं, माशांची पिल्लं त्यात वाचतात, नाहीतर मोठे मासे त्यांना खातात. धुणं हौदापासून लांब दगडावर. आणि चुरा नाही. एक कण पण नाही.

त्याने ऑफिसच्या मागच्या हौदातून जाळीने मासे काढून माझ्या किटलीत घातले. म्हणाला, हे गोड्या पाण्यातले आहेत, तुमचं पाणी खारं, एकदम टाकू नका. तुमच्या हौदाचं पाणी थोडं थोडं किटलीत घालत राहा, अर्धा दिवस, मग सोडा.

परतीच्या गाडीत मुलगी झोपली. किटली मी दोन्ही पायांमध्ये धरली होती. कंडक्टर म्हणाला, "किटलीमा काय शे व बाई?"

"मासे."

"खावाले?"

"नाही. डास खायला."

मागच्या बाकड्यावरचा म्हातारा म्हणाला, "दखी ले भाऊ, मच्छर खावाले गिऱ्हाईक चालना." कंडक्टर म्हणाला, "मंग मासास्नं अर्धं तिकीट फाडनं पडी." सगळे हसले. मी पण हसले. पाय तेवढे आवळून धरले होते, पाणी सांडेल म्हणून.

मी मासे त्याने सांगितलं तसेच सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा ताप उतरला. मी तिसऱ्या दिवसाची वाट बघितली, पहिलीला तिसऱ्या दिवशी पुन्हा आला होता. तो दिवस मी तिला खाली ठेवलंच नाही. काकीने माझी भाकर केली, दारात ठेवली. ताप आला नाही. पाचव्या दिवशी काकीने मुलीच्या हिरड्यांवर बोट फिरवलं, फुटणारा दात चाचपला आणि म्हणाली, "दात ई ऱ्हायना. तू उगीच मरी जाशी भेवभेवमा."

भाऊ आला तेव्हा दारातूनच म्हणाला, काचेत काही नाही. मी खाली बसले. त्याने भिंतीवर तारीख लिहिली, ताटली बुडवली. एक अळी निघाली. बरं आहे म्हणाला.

मला वाटलं होतं की आता सुटले. पण तसं नसतं. शेवाळ जात नाही, ते रोज थोडं येतं, रोज थोडं काटकीवर गुंडाळून काढायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. नवे मासे मला ओळखत नाहीत. मी काठावर गेले की ते लांब पळतात, आणि तसंच बरं आहे, पळाले म्हणजे भुकेले आहेत. एकदा मी नुसतं बोट पाण्यात धरलं. कोणी आलं नाही. मी हात पुसला.

महिन्याला येईन म्हणालेले हे थेट दिवाळीला आले. मुलीला उचलून घेतलं, तिने ओळखलं नाही, रडली. संध्याकाळी आमच्या बोलीत बोलणं कानावर पडलं आणि मला पहिल्यांदा उत्तर द्यायला शब्दच सुचेनात. हे म्हणाले, कामाला अजून दोन वर्षं लागतील. आता तिथे पत्र्याची खोली मिळतेय, पाल नाही. चल.

"पाणी कुठलं?"

"खाली नाला आहे, डोह आहे."

"त्या डोहात शेवाळ आहे?"

"डोहात असतंच ना. मी काय बघितलं?"

"मग डास."

"सगळी राहतात तिथे. सगळ्यांची पोरं काय..." एवढं बोलून हे थांबले.

मी म्हटलं, मी इथेच राहते. हे म्हणाले, एकटी? मी म्हटलं, काकी येते सकाळी. ह्यांनी भाकर खाल्ली, हात धुतले, दारात बसून विडी ओढली. सकाळच्या पहिल्या गाडीने जायचं होतं, म्हणून आवरून ठेवलं.

सकाळी निघताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पिशवी उचलली. मी दारात उभी होते. मला वाटत होतं की ह्यांनी अजून एकदा चल म्हणावं. म्हणाले असते तर मी काय बोलले असते, मला ठाऊक नाही. ते म्हणाले नाहीत.